चौदा महिन्यांच्या मुलीला दाढा येत आहेत आणि ताप १०३ आहे. दातांचा ताप समजून थांबावे का?

तापीकाठची आई (चोपडा तालुका)

नमस्कार. माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे आणि गेल्या महिन्यात अंगणवाडीत तिचे वजन नऊ किलो भरले होते. पुढचे दात आले आहेत. आता खाली मागच्या बाजूला दोन्हीकडची हिरडी फुगून पांढुरकी दिसू लागली आहे, तेव्हा दाढा येत आहेत हे आम्हालाही कळते. लाळ इतकी गळते की लाळेरे सारखे बदलावे लागते, आणि हाताला लागेल ती वस्तू, मग ती किल्ली असो की चप्पल, थेट तोंडात जाते. इथवर काळजीचे काही नव्हते.

परवा रात्रीपासून मात्र तिला ताप आहे. काखेत थर्मामीटर लावला की १०२ ते १०३ दाखवतो. तापाचे पातळ औषध अर्धा चमचा दिले की काही वेळ उतरतो, ती थोडीफार खेळतेही, आणि मग पुन्हा अंग तापते. सर्दी, खोकला, जुलाब यांपैकी काही नाही. काल एकदा उलटी झाली. अंगावरचे दूध पिते, पण वरणभाताचा घास तोंडात घेत नाही. लघवी नेहमीपेक्षा कमी होत आहे, परंतु या उन्हात तसे व्हायचेच, असे घरातले सगळे म्हणतात.

सासूबाईंचे म्हणणे एकच आहे: "पोरले दात येई राहिनात, ताप तं येईच." त्यांनी स्वतःची आणि दिरांची मुले वाढवलेली आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द मोडवत नाही. टाकणखार (बोरॅक्स) मधात उगाळून हिरडीला लावावा, असे त्या सांगतात. गावातल्या मेडिकलवाल्याने दात येण्याच्या त्रासावर म्हणून एक जेल आणि गोड गोळ्यांची बाटली दिली आहे. ती मी अजून उघडलेली नाही. तालुक्याचा दवाखाना लांब आहे, दुपारी पारा ४४ च्या वर जातो आणि रात्रीच वीज मिळत असल्याने हे केळीला पाणी द्यायला मळ्यात असतात.

माझा प्रश्न असा की दातांमुळे एवढा ताप येऊ शकतो का, आणि येत नसेल तर किती वेळ वाट पाहणे योग्य ठरेल? कोणती खूण दिसली तर रात्रीबेरात्रीसुद्धा निघावे, हेही कृपया सांगावे.

बालरोगतज्ज्ञ, जळगाव

ताई, आधी थोडक्यात उत्तर देतो. दातांमुळे १०३ ताप येत नाही. आपल्या मुलीला आज, ऊन उतरताच का होईना, पण आजच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण दोन वर्षांच्या आतल्या बाळाला चोवीस तासांहून अधिक काळ ताप राहिला आणि त्याचे कारण समोर दिसत नसेल, तर घरी थांबू नये, असा आमच्याकडे साधा नियम आहे. आपण लिहिलेल्या वर्णनात सर्दी नाही, खोकला नाही, जुलाबही नाहीत. म्हणजे घरच्यांना ज्या गोष्टीने दिलासा वाटतो, नेमक्या त्याच गोष्टीमुळे मला तपासणी आवश्यक वाटते.

दात हिरडी फोडून वर येताना लाळ वाढते, हिरडी दुखते, बाळ किरकिरे होते, रात्री झोपेतून उठते, खाण्यावरून मन उडते आणि कधी अंग नेहमीपेक्षा किंचित गरम लागते. यापलीकडे दात फार काही करत नाहीत. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये पीडियाट्रिक्स या नियतकालिकात आला, त्यातही हिरडीचा दाह, चिडचिड आणि लाळ हीच तीन लक्षणे सर्वांत पुढे होती. तापमान थोडे वाढते, पण ज्याला ताप म्हणावे त्या १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत ते जात नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग घरोघरी दात आणि ताप यांची सांगड का बसली, असे कोणीही विचारेल. दुधाचे दात एकूण वीस असतात. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि शेवटच्या दाढा अडीच-तीन वर्षांपर्यंत येत राहतात. याचा अर्थ या दोन-अडीच वर्षांत बाळाला कधीही ताप आला, तरी तोंड उघडून पाहिले असता एखादा दात वाटेवर सापडणारच. त्यातच आईकडून गर्भात मिळालेले संरक्षण सहाव्या महिन्याच्या आसपास ओसरलेले असते, बाळ रांगू लागते, जमिनीवरची प्रत्येक वस्तू चाखून पाहते आणि घरातल्या मोठ्यांची सर्दी-पडसे त्याला पहिल्यांदाच गाठतात. शिवाय नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस आणि सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर डोस असतात, त्यांचाही ताप याच काळात येतो.

आता खरे कारण काय असू शकते ते पाहू. या वयात बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि आपोआप उतरतात. त्यातला एक प्रकार तर दातांच्या नावावर हमखास खपतो: तीन ते पाच दिवस जोराचा ताप राहतो, बाळ त्यामानाने बरे असते, मग ताप एकाएकी उतरतो आणि छाती-पाठीवर गुलाबी पुरळ उठते. याला रोझिओला म्हणतात. ताप उतरून पुरळ उठल्यावरच त्याचे निदान पक्के होत असल्याने, तोच असेल असे धरून घरी बसता येत नाही. दुसरे कारण कानाचे. बाळ कान ओढते तेव्हा दाढ ठणकते असे वाटते, आणि कधी ते खरेही असते, पण कानात दुर्बिणीने पाहिल्याशिवाय पडद्यामागे पू आहे की नाही हे कळत नाही. तिसरे कारण तोंडातलेच आहे. हर्पीसच्या विषाणूचा पहिला संसर्ग झाला की हिरड्या लालबुंद होऊन सुजतात, हात लागला तरी रक्त येते, जिभेवर व ओठांच्या आत बारीक फोड येतात, तोंडाला वास येतो आणि बाळ पाणीसुद्धा नाकारते. ताप, लाळ आणि हिरडी तिन्ही एकत्र दिसल्याने अनुभवी माणूसही दातांवर बोट ठेवून मोकळा होतो. त्यामुळे मुलीच्या संपूर्ण तोंडाकडे उजेडात एकदा नीट पाहून घ्या.

आपल्या वर्णनावरून मला सर्वांत आधी वगळावासा वाटतो तो मात्र लघवीचा जंतुसंसर्ग. मुलींमध्ये मूत्रमार्ग आखूड असल्याने तो अधिक आढळतो. या वयाच्या बाळाला जळजळ होते हे सांगता येत नाही. नुसता ताप, एखादी उलटी आणि अन्नावरची वासना उडणे, एवढ्यावरच तो ओळखावा लागतो. दुर्लक्ष झाले तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात आणि वेळेवर औषध मिळाले तर सहज बरा होतो. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर लघवीच्या तपासणीबद्दल आपण स्वतःहून विचारावे.

वाट किती पाहावी, हे बाळाच्या वयावर ठरते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप भरला तर रात्र असो की दिवस, तत्काळ रुग्णालय गाठावे. तिथे घरगुती औषधाचा एक डोससुद्धा देऊन पाहत बसू नये. तीन ते सहा महिन्यांत १०२ ला पोहोचला तर त्याच दिवशी दाखवावे. वय कोणतेही असो, १०४ किंवा त्यावर गेला तर थांबू नये. आकड्यापेक्षाही बाळाकडे पाहणे महत्त्वाचे आहे. औषधाने ताप उतरल्यावर जे बाळ डोळ्यांत पाहते, हसते, दूध ओढून पिते, त्याच्याबाबतीत काही तास हाताशी असतात. ताप १०१ च असला, पण बाळ मलूल पडले आहे, हाक मारून उठत नाही, दूध तोंडात धरत नाही, घेतलेले सगळे ओकते, सारखे कण्हते आहे किंवा उचलून घेतल्यावर अधिकच किंचाळते, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा एक वर्षावरील शांत बाळाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक भरत असतील, मान आखडली असेल, टाळू वर आलेली दिसत असेल, अंगावर दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके असतील, झटका आला असेल, किंवा सहा-आठ तासांत लघवीच झाली नसेल आणि रडताना अश्रू येत नसतील, तर रात्रीबेरात्रीसुद्धा निघावे.

औषधाबाबत एक गोष्ट नीट वाचावी. 'अर्धा चमचा' म्हणजे किती, हे मला आपल्या प्रश्नातून कळू शकले नाही आणि तिथेच धोका असतो. पॅरासिटामॉलचे पातळ औषध आपल्याकडे ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळते, आणि तान्ह्या बाळांसाठीचे थेंब तर १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात. मात्रा वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. नऊ किलोच्या मुलीला जास्तीत जास्त १३५ मिलिग्रॅम, म्हणजे १२५ च्या बाटलीतून साधारण ५.४ मिलिलिटर, २५० च्या बाटलीतून २.७ मिलिलिटर आणि थेंबांच्या बाटलीतून १.३ मिलिलिटर. बाटली बदलली की मात्रा बदलते. घरातला चमचा न वापरता बाटलीसोबतचे माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी, दोन डोसांत सहा तासांचे अंतर ठेवावे आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक डोस देऊ नयेत. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाईडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. घरात मोठ्यांची जुनी पाकिटे असतात म्हणून मुद्दाम लिहिले.

निवृत्त आरोग्यसेविका, शहादा

डॉक्टरांनी सांगितले त्यात मला औषधापुरती भर घालायची नाही, परंतु आपल्याकडच्या उन्हाबद्दल आणि घरातल्या उपायांबद्दल थोडे लिहिते.

ताप मोजण्यापूर्वी काख कोरड्या कापडाने पुसावी, थर्मामीटरचे टोक कातडीला नीट टेकवून दंड अंगाशी धरून ठेवावा आणि पीप वाजेपर्यंत सोडू नये. अंघोळीनंतर, कूलरच्या झोतात किंवा बाहेरून उन्हातून आल्याबरोबर मोजू नये. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा अर्ध्या ते एक अंशाने कमी येतो, त्यामुळे काखेत १०३ म्हणजे आत त्याहून जास्तच आहे, हे घरच्यांना सांगा. कपाळासमोर धरायच्या यंत्रावर मे महिन्यात मी तरी विसंबले नसते.

पत्र्याच्या घरात दुपारी लहान बाळाचे अंग नुसत्या उष्म्यानेही तापते. अशा वेळी त्याला घरातल्या सर्वांत थंड जागी न्यावे, अंगावर एकच सुती झबले ठेवावे, अंगावर पाजावे, वरचे पाणी सुरू असेल तर घोटघोट पाजावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. उष्म्याने तापलेले अंग एवढ्याने निवते. आजाराचा ताप निवत नाही. परंतु बाळ उन्हातून किंवा बंद गाडीतून आले असेल, अंग निखाऱ्यासारखे असेल आणि ते गुंगीत असेल, तर तो उष्माघात असतो. त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. अंगावर पाणी घालत, वारा घालत थेट रुग्णालयात न्यावे लागते. ताई, आपल्या मुलीचा ताप रात्रीही चढतो आहे, म्हणून तो उन्हाचा वाटत नाही. ऊन आहे म्हणून लघवी कमी, हेही गृहीत धरू नका. शेवटची लघवी केव्हा झाली ते लक्षात ठेवा.

सासूबाईंना दुखवायचे नाही, पण टाकणखार आणि मध दोन्ही बाजूला ठेवावेत. टाकणखार पोटात गेल्याने बाळांना झटके आल्याच्या नोंदी आहेत, आणि एक वर्षाच्या आत मध तर मुळीच देऊ नये, कारण त्यातल्या जंतूंच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. आपली मुलगी वर्षावर आहे म्हणून मधाची भीती कमी आहे; टाकणखाराची नाही. जेलचे खोके उलटून घटक वाचावेत. बेंझोकेन असेल तर दोन वर्षांखालील मुलांना ते लावू नये, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. कोलीन सॅलिसिलेट असेल तर ते ॲस्पिरिनच्या जातकुळीचे औषध आहे, आणि ब्रिटनच्या नियामकाने २००९ मध्येच सोळा वर्षांखाली ते न वापरण्यास सांगितले. गोड गोळ्यांच्या बाटलीवर बेलाडोना असे लिहिले आहे का, तेही पाहा. अशा काही गोळ्यांत त्याचे प्रमाण एकसारखे नसल्याचे २०१७ मध्ये अमेरिकेत तपासणीत आढळले होते. बाटली उघडली नाही हे बरेच झाले.

हिरडीला आराम हवा असेल तर स्वच्छ धुतलेल्या बोटाने चोळावी, किंवा माठातल्या उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेला सुती रुमाल चघळायला द्यावा. खारीक दोऱ्याला बांधून हातात देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दोरा गळ्यात घालू नका आणि मूल तुकडा मोडून घेत असेल तर खारीकही नको. गाजराचा तुकडा, शिळ्या भाकरीचा कडक काठ यांनी घशात अडकते.

झटका आलाच तर बाळाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, घड्याळ पाहावे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात असे झटके येऊ शकतात आणि बहुतेक पाच मिनिटांच्या आत थांबतात. थांबले तरी दवाखान्यात न्यावेच, आणि पाच मिनिटांत थांबले नाहीत तर १०८ ला फोन करावा. यजमान मळ्यात असले तरी १०८ ची गाडी मागवता येते, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते. गावातल्या आशाताईंकडे डिजिटल थर्मामीटर असतो आणि पंधराव्या महिन्याची गृहभेट त्यांच्या कामातच आहे. त्यांना आजच बोलावून घ्या, सासूबाईंशी त्या अधिक चांगले बोलतील.

साक्रीची आजी

आपण सर्व शिकलेली मंडळी आहात, तरी मला पटले नाही म्हणून लिहिते. माझ्या नातवंडांपैकी एकालाही दात आले आणि अंग तापले नाही असे झाले नाही, आणि दात वर आला की ताप गेला, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. उलट दवाखान्यात नेले की आधी सुई, मग सलाईन, मग जड औषधांची पिशवी. बारीकसारीक तापालाही अँटिबायोटिक लिहून देणारे पाहिले आहेत. लेकीसुनांना घाबरवून पळवायचे, आणि खर्च कापूस विकून आलेल्या पैशातून करायचा. थोडी कळ सोसायला काय हरकत आहे?

बालरोगतज्ज्ञ, जळगाव

आजी, आपली दुसरी तक्रार मला पूर्ण मान्य आहे. विषाणूच्या तापाला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, जे मूल दूध पीत आहे त्याला सलाईनची गरज नसते आणि पातळ औषध पोटात टिकत असेल तर सुईचीही नसते. डॉक्टरांना 'ताप कशाचा आहे' आणि 'हे औषध कशासाठी' असे विचारण्याचा प्रत्येक आईला हक्क आहे आणि तो तिने बजावावा.

पहिल्या मुद्द्याबाबत म्हणाल तर आपण पाहिले ते खोटे नाही. विषाणूचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो आणि हिरडीतला दातही त्याच सुमारास वर येतो, मग श्रेय दाताला मिळते. या समजुतीला मोठी परंपरा आहे. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याने दात येण्याला बालकांच्या अनेक रोगांचे, त्यातही ज्वराचे, कारण म्हटले आहे, आणि युरोपात तर बाळाची हिरडी शस्त्राने कापण्याची प्रथा शतकानुशतके होती. ब्रिटनमध्ये दातांसाठी म्हणून विकली जाणारी पूड पाऱ्याची असे. तिच्यामुळे मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलटत, मुले अशक्त होत, काही दगावतही. ती १९५४ च्या सुमारास बाजारातून गेली आणि तो आजारही जवळजवळ नाहीसा झाला. वाग्भटाच्या बाजूने एवढे नक्की सांगेन की अशा बाळावर उपचारांचा फार मारा करू नये, असेही त्याने सुचवले आहे.

कळ सोसण्याबद्दल. अंग कोमट आहे, बाळ खेळते आहे, दूध पिते आहे, तर अवश्य सोसावी. तिथे दवाखान्यात धावण्याची गरज नाही. इथे तसे नाही. दोन दिवस १०३ ताप, एक उलटी, कमी लघवी आणि दुसरे कोणतेही कारण दिसत नाही. अशा बाळाची लघवी तपासायला फारसा खर्च येत नाही, आणि ती न तपासता औषध देणे मला आपल्याइतकेच अमान्य आहे.

रावेरचा बाप

आमच्या मुलीच्या वेळी लघवीचाच संसर्ग निघाला होता, म्हणून नमुना घेण्याबद्दल लिहितो, कारण सगळी गंमत तिथेच होते. डायपरमधून पिळून किंवा कापसावर टिपून नमुना दिला तर कातडीवरचे जंतू त्यात मिसळतात आणि अहवाल चुकीचा येतो. चिकटवायच्या पिशवीचेही तेच. आम्हाला प्रयोगशाळेतल्या ताईंनी निर्जंतुक डबी दिली आणि मधल्या धारेची लघवी धरायला सांगितले. मुलीची जागा नुसत्या पाण्याने पुढून मागे धुतली, बायकोने तिला मांडीवर उघडे धरले, आणि मी गार पाण्यात भिजवलेल्या कापसाने बेंबीखाली हलके हलके गोल चोळत बसलो. डबीचे झाकण तोवर दुसऱ्या हातात, आतून न शिवता. गार स्पर्शाने लघवी लवकर होते असे त्या म्हणाल्या होत्या आणि तसेच झाले, माझी बाही मात्र भिजली. नमुना लगेच द्यावा. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून गावभर फिरवू नये. घरून नेता येत नसेल तर दवाखान्यात बारीक नळीने घेतात, त्याला घाबरू नये. आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस नमुना दिल्यानंतरच द्यावा, नाहीतर कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू वाढत नाहीत.

तापीकाठची आई (चोपडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. आशाताई दुपारीच आल्या, त्यांच्याही थर्मामीटरवर १०२.८ आला, आणि त्यांनी सासूबाईंना समजावल्यावर त्या स्वतःच आमच्यासोबत निघाल्या. आमच्या बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे लिहिलेले आहे. मी देत होते ते मापाने २.५ मिलिलिटर भरले, म्हणजे तिच्या वजनाला कमीच पडत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी कान, घसा, छाती तपासली आणि हिरडीही पाहिली. दाढा येतच आहेत, फोड वगैरे काही नाहीत, असे सांगितले. लघवीचा नमुना डबीतच धरता आला. सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी भरपूर निघाल्या. कल्चरला नमुना पाठवून तोंडाने द्यायचे अँटिबायोटिक सुरू केले आहे. भरती करावे लागले नाही. सासूबाईंनी डॉक्टरांना सरळ विचारले की मग दातांचे काय, तर ते म्हणाले की दातांसाठी रुमाल चघळायला द्या.

आता दोन शंका आहेत. औषध सुरू होऊनही आज ताप आहेच, तो किती दिवस राहू शकतो? आणि डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितले आहे, ती खरोखर आवश्यक आहे का?

बालरोगतज्ज्ञ, जळगाव

योग्य औषध लागू पडले तर ताप साधारण दोन दिवसांत, म्हणजे ४८ तासांत, उतरू लागतो. पहिल्या दिवशी तो चढला तरी औषध बदलण्याची घाई नसते. ४८ तासांनंतरही तसाच राहिला, किंवा उलट्यांमुळे औषध पोटात टिकत नसेल, तर लगेच पुन्हा दाखवावे. अशा वेळी कल्चरचा अहवाल हाताशी असला की कोणते औषध लागू पडेल ते कळते, म्हणून तो आणायला विसरू नये. ताप गेला, मुलगी खेळू लागली, तरी डॉक्टरांनी लिहिले आहेत तेवढे दिवस औषध पूर्ण द्यावे.

सोनोग्राफी करून घ्यावी. या वयात तापासह लघवीचा संसर्ग झाला तर मूत्रपिंड किंवा मूत्रमार्गाच्या रचनेत जन्मतः काही दोष आहे का, हे एकदा पाहून घेतात. सुई नाही, भूल नाही, किरणांचा संबंध नाही. पुढे तिला केव्हाही कारण न दिसणारा ताप आला, तर पहिल्या दिवशीच लघवी तपासायची आणि आधी असा संसर्ग झाला होता हे नव्या डॉक्टरांनाही सांगायचे. बद्धकोष्ठता राहू देऊ नका, त्यानेही हा संसर्ग पुन्हा होतो; वरचे खाणे पुन्हा सुरू झाले की पाणी आणि पिकलेली केळी मिळतील याकडे लक्ष द्या, केळी तर आपल्या मळ्यातच आहेत.

निवृत्त आरोग्यसेविका, शहादा

ताई, औषधाची बाटली पावडरीची असेल तर उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे, दर वेळी हलवून द्यावे आणि वीज जाते त्या दिवसांत ती माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवावी. स्वयंपाकघराच्या पत्र्याखालच्या फळीवर नको. कल्चरच्या कागदाची एक प्रत मुलीच्या लसीकरणाच्या कार्डात ठेवून द्या. सोळा महिने पूर्ण झाले की बूस्टर डोस आहे, तेव्हा ती पूर्ण बरी असेल तर तो वेळेवरच द्यावा, आणि त्या रात्री अंग तापले तर ते लसीचे असण्याची शक्यता जास्त. तरीही दोन दिवसांपलीकडे राहिला, तर पुन्हा डबी घेऊन निघावे.